मेन, मिनेसोटा की मॅसॅच्युसेट्स? अमेरिकन यादवी युद्ध समजून घ्यायला कोणती पलटण निवडावी

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५, उत्तरेची राज्यं विरुद्ध गुलामगिरी राखू पाहणारी, फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं) शिरायचं असेल तर सेनापतींच्या चरित्रांपासून सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. उत्तरेचे ग्रँट आणि शेरमन, दक्षिणेचा ली यांच्या मागे लागलं की नकाशे आणि तारखांतच माणूस गुरफटतो, आणि युद्ध ज्यांनी अंगावर काढलं ती माणसं शेवटपर्यंत भेटतच नाहीत. त्यापेक्षा एक पलटण धरावी आणि भरतीपासून घरी परतेपर्यंत तिच्याच मागे जावं.

उत्तरेची फौज बहुतांशी स्वयंसेवकांची होती. लिंकननी माणसं मागायची आणि राज्याराज्यांच्या गव्हर्नरांनी पलटणी उभ्या करायच्या, अशी रीत. एका पलटणीत दहा कंपन्या, कागदावर साधारण हजार माणसं, आणि एकेक कंपनी बहुधा एकाच गावातली किंवा पंचक्रोशीतली. शेजारी बंदूक धरून उभा असलेला माणूस मेहुणा असायचा, नाहीतर शाळेतला सोबती. रोगराई आणि लढाया यांनी हजाराची पलटण वर्षभरात निम्म्याखाली यायची. ती भरून काढण्यापेक्षा गव्हर्नरांना नवी पलटण काढणं सोयीचं वाटे, कारण तिच्याबरोबर कर्नल-मेजरची नवी पदं वाटायला मिळत. जुन्या पलटणी झिजत राहिल्या त्या अशा.

निवडीचा प्रश्न आला की तीन नावं हमखास पुढे येतात, राज्याचं नाव आणि त्यातला पलटणीचा क्रमांक अशी: विसावी मेन, पहिली मिनेसोटा आणि चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स. तिघींची कीर्ती १८६३ च्या जुलैतल्या एकेका संध्याकाळवर उभी आहे. त्यातल्या दोघींची तर एकाच दिवसाच्या, एकाच मैदानावरच्या. पण निवड करताना ती संध्याकाळ क्षणभर बाजूला ठेवा आणि उरलेली वर्षं बघा. खरा फरक तिथे कळतो.

विसावी मेन

सगळ्यांत प्रसिद्ध हीच, आणि तिचं श्रेय बऱ्याच अंशी जोशुआ चेंबरलेन या माणसाला. बोडन कॉलेजात प्राध्यापक. युरोपात अभ्यासाला जायचं म्हणून रजा काढली आणि गेला सैन्यात. गव्हर्नरने कर्नलपद देऊ केलं तर म्हणाला, आधी खालच्या हुद्द्यावर शिकतो. ऑगस्ट १८६२ मध्ये पलटण उभी राहिली तेव्हा कर्नल होता अॅडलबर्ट एम्स आणि चेंबरलेन त्याच्या हाताखाली.

२ जुलै १८६३, गेटिसबर्ग. लिटल राउंड टॉप या टेकडीवर विन्सेंटच्या ब्रिगेडमध्ये (ब्रिगेड म्हणजे काही पलटणींचा गट) मेनची पलटण अगदी डाव्या टोकाला होती. तिच्या पलीकडे आपलं असं कुणीच नाही. समोर दक्षिणेच्या कर्नल ओट्सची पंधरावी अलाबामा. माणशी साठ काडतुसं होती, ती संपत आली आणि अखेर संगिनी लावून पलटण उतारावरून खाली सुटली. ही गोष्ट सांगताना दुसरी बाजू मात्र बहुतेक वेळा गाळली जाते. अलाबामावाले त्या दिवशी वीसेक मैल चालून आले होते, आणि पाणी भरायला पाठवलेली त्यांची माणसं कॅन्टीनसकट पकडली गेली होती. जुलैच्या उन्हात घोटभर पाण्याशिवाय त्यांनी त्या चढावर पुन्हा पुन्हा हल्ले केले. आपण माघारीचा हुकूम आधीच दिला होता, असं ओट्सने पुढे लिहिलं. हल्ल्याचा हुकूम नेमका कोणी आणि कसा दिला यावर मेनच्याच अधिकाऱ्यांत म्हातारपणापर्यंत वाद चालला.

मला या पलटणीत जास्त रस वाटतो तो त्याच्या आधीच्या सहा-सात महिन्यांत. डिसेंबर १८६२ मध्ये फ्रेडरिक्सबर्गच्या उतारावर यांनी कडाक्याच्या थंडीतली रात्र काढली ती मेलेल्या सैनिकांचा आडोसा करून, गोळ्यांपासून आणि वाऱ्यापासूनही. पुढच्या वसंतात देवीची लस सदोष निघाली, पलटणीत देवी पसरल्या आणि चान्सलर्सव्हिलच्या मोठ्या लढाईत या लोकांच्या वाट्याला तारायंत्राच्या तारा राखण्याचं काम आलं. मग मे महिन्यात ‘दुसरी मेन’ या पलटणीतले, लढायला नकार देऊन बसलेले शंभरावर शिपाई संगिनींच्या पहाऱ्यात यांच्याकडे आणून सोडले. त्यांचे सोबती दोन वर्षांची मुदत संपवून घरी गेले होते. या शंभरांनी मात्र तीन वर्षांच्या कागदावर सही केलेली. ऐकलं नाही तर गोळ्या घालायची मुभा चेंबरलेनकडे होती. त्याने आधी त्यांना जेवू घातलं. बहुतेकजण लढायला तयार झाले, आणि लिटल राउंड टॉपवर निशाण धरून उभा राहिलेला अँड्र्यू टोझियर हा त्यांच्यातलाच.

पुढे ही पलटण विल्डरनेस, पीटर्सबर्ग, फाइव्ह फोर्क्स असं करत अॅपोमॅटॉक्सपर्यंत गेली. १२ एप्रिल १८६५ रोजी लीच्या फौजेने शस्त्रं खाली ठेवली तेव्हा ती रांगेत हजर होती. युद्धाचा उत्तरार्ध सलग बघायचा तर तिघींत हीच सोयीची. अडचण एकच: चेंबरलेनने स्वतः भरपूर आणि सुंदर लिहिलं. त्याच्या लेखणीने पलटणीतले बाकीचे लोक थोडे फिके पडले आणि पुढच्या कादंबरी-सिनेमांनी तर ते पार पुसले. सोपी सुरुवात हवी असेल त्यांनी ही निवडावी, पण चेंबरलेनच्या शब्दावर सगळी भिस्त ठेवू नये.

पहिली मिनेसोटा

युद्धाची सुरुवात ज्याच्यावरच्या हल्ल्याने झाली तो फोर्ट समटर किल्ला पडला तेव्हा मिनेसोटाचा गव्हर्नर अलेक्झांडर रॅमसे योगायोगाने वॉशिंग्टनमध्येच होता. त्याने १४ एप्रिल १८६१ रोजी युद्धमंत्र्याला गाठून हजार माणसं देऊ केली. मिनेसोटाला राज्याचा दर्जा मिळून जेमतेम तीन वर्षं झाली होती. अशा रीतीने ही उत्तरेला देऊ केलेली पहिली स्वयंसेवक पलटण ठरली. स्टिलवॉटर, रेड विंग, फॅरिबॉल्ट, विनोना अशा नदीकाठच्या नाहीतर प्रेअरीवरच्या गावांच्या कंपन्या. सरकारी निळे गणवेश मिळायच्या आधी अंगात लाल फ्लॅनेलचे शर्ट.

बुल रनच्या पहिल्या लढाईपासून (२१ जुलै १८६१) ही पलटण मार खात आली. अँटिएटममध्ये एका सकाळी तिची शंभराहून जास्त माणसं पडली. १८६२ च्या उन्हाळ्यात डकोटा लोकांशी खुद्द मिनेसोटात युद्ध पेटलं आणि यांची घरंदारं धोक्यात आली, तेव्हा हे व्हर्जिनिया-मेरीलँडमध्ये अडकलेले.

मग तोच २ जुलै. उत्तरेच्या सिकल्सची फळी मोडून दक्षिणेच्या विलकॉक्सची अलाबामा ब्रिगेड मधल्या खिंडारातून चालून येत होती आणि उत्तरेचा सेनापती हॅन्कॉक याच्या हाताशी तेवढ्यात होती ती ही एकच पलटण, तीही आठ कंपन्यांची. कर्नल विल्यम कॉलव्हिल त्याच सकाळपर्यंत अटकेत होता. गुन्हा काय, तर कूच करताना माणसांचे पाय ओले होऊ नयेत म्हणून त्याने त्यांना ओढ्यातून न चालवता ओंडक्यावरून पलीकडे जाऊ दिलं! हॅन्कॉकने निशाणाकडे बोट दाखवून हुकूम दिला आणि २६२ माणसं ब्रिगेडवर धावून गेली. त्यांतली २१५ पडली. हा आकडा स्मारकावर कोरलेला आहे. अभ्यासक त्यावर वाद घालतात, कारण काही माणसं दुसऱ्या कामावर होती आणि दोन दिवसांची हानी एकत्र मोजली गेली असावी. काहीही धरा, कमी होत नाही. हॅन्कॉकला हवी होती ती पाच-दहा मिनिटं, कुमक येईपर्यंतची. ती मिळाली. दुसऱ्या दिवशी उरलेसुरले लोक दक्षिणेच्या पिकेटच्या हल्ल्यासमोर पुन्हा उभे होते, आणि मार्शल शर्मन नावाच्या शिपायाने अठ्ठाविसाव्या व्हर्जिनियाचं निशाण हस्तगत केलं. ते आजही मिनेसोटात आहे. व्हर्जिनियाने परत मागून पाहिलं, पण यांनी दिलं नाही.

१८६४ च्या सुरुवातीला पलटण घरी गेली आणि त्या वसंतात तिची मुदत संपली. थोड्यांनी नव्या बटालियनमध्ये पुढे नोकरी केली, पण पलटण म्हणून गोष्ट तिथेच संपते. सुरुवातीच्या उत्साहाची तीन वर्षांत काय गत झाली हे बघायला हिच्यासारखी दुसरी नाही. ग्रँट-ली यांची झुंज, गुलामगिरीचा अंत, शरणागती, यातलं काही मात्र इथे सापडणार नाही.

चोपन्नावी मॅसॅच्युसेट्स

आधीच्या दोघींची लढाई समोरच्या शत्रूशी होती. हिची स्वतःच्या सरकारशीही होती, आणि माझ्या लेखी तीच जास्त वाचनीय आहे.

दक्षिणेतल्या गुलामांना मुक्त ठरवणारा लिंकनचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. त्यानंतर गव्हर्नर जॉन अँड्र्यूने कृष्णवर्णीयांची पलटण काढायला घेतली. अधिकारी गोरे, कर्नल पंचविशीतला रॉबर्ट गोल्ड शॉ. माणसं कितीतरी राज्यांतून आणि कॅनडातूनही आली. फ्रेडरिक डग्लस यांची दोन मुलं त्यात होती. भरतीच्या वेळी सांगितलं होतं, इतर शिपायांसारखे महिना तेरा डॉलर. हातावर ठेवायला आणले दहा, त्यातून कपड्यांचे तीन कापून. उरले सात.

पलटणीने पगार घ्यायलाच नकार दिला. मॅसॅच्युसेट्स राज्याने वरची रक्कम आपल्या तिजोरीतून भरायची तयारी दाखवली, तीही नाकारली. केंद्र सरकार आम्हाला शिपाई मानतं की नाही एवढाच मुद्दा आहे, म्हणाले. सप्टेंबर १८६३ मध्ये जेम्स गुडिंग या शिपायाने थेट लिंकनना पत्र लिहून विचारलं, आम्ही सैनिक आहोत की मजूर? घरी बायकापोरांची उपासमार चाललेली, आणि इथे वर्ष उलटलं तरी कुणी दमडी घेत नव्हतं. फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडातल्या ओलस्टीच्या लढाईत हे पुढे सरसावले ते ‘मॅसॅच्युसेट्सचा आणि महिना सात डॉलरचा जयजयकार’ करत. असा खवचट रणघोष मी दुसरीकडे कुठे वाचलेला नाही. लढाई हरली, माघारीत जखमींनी भरलेल्या गाडीचं इंजिन बिघडलं तेव्हा याच लोकांनी दोर लावून डबे ओढत नेले. गुडिंग त्या लढाईत शत्रूच्या हाती सापडला आणि अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत मेला.

काँग्रेसने जून १८६४ मध्ये समान पगार मान्य केला, त्यातही मेख होतीच: मागची पूर्ण बाकी मिळायची ती १९ एप्रिल १८६१ ला जे स्वतंत्र होते त्यांनाच. पळून आलेल्या गुलामांनी काय करायचं? शॉनंतर पलटणीचा कर्नल झालेल्या हॅलोवेलने शपथेचा मसुदाच असा केला की त्या तारखेला आपल्यावर कुणाचीही फुकट चाकरी करण्याचं बंधन नव्हतं. गुलामगिरीच अन्याय मानली तर कुणाही माणसाला ही शपथ खरेपणाने घेता येत होती. पैसे हाती पडले सप्टेंबरअखेर, भरतीनंतर जवळजवळ दीड वर्षाने.

ज्या संध्याकाळसाठी ही पलटण ओळखली जाते ती १८ जुलै १८६३ ची, दक्षिणेतल्या चार्ल्सटन बंदराच्या तोंडावरच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावरची. दोन रात्री पाऊस-चिखलातून चालत, धड न जेवता आलेली सुमारे सहाशे माणसं वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून किल्ल्यावर गेली. त्यातली २७० च्या आसपास मेली, जखमी झाली किंवा हरवली. शॉ तटावरच पडला आणि त्याच्या शिपायांबरोबर एकाच खड्ड्यात पुरला गेला. मुलाचं प्रेत हलवू नका, असं त्याच्या वडिलांनी पुढे कळवलं. जखमी विल्यम कार्नीने निशाण परत आणलं. त्याला सर्वोच्च पदक मिळालं १९०० साली. हल्ला फसला हे विसरू नये. किल्ला सप्टेंबरात दक्षिणेनेच सोडून दिला.

चार्ल्सटनसारखी कापसाची बंदरं उत्तरेच्या नाकेबंदीने अडली म्हणूनच त्या वर्षांत मुंबईत कापसाच्या पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये बाजार कोसळला. याहून जवळचा धागा जोतीरावांचा. ‘गुलामगिरी’ (१८७३) त्यांनी अर्पण केली ती निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. हे अर्पण शाळेत पाठ केलेल्या कितीजणांना चोपन्नाव्या पलटणीचं नाव माहीत असतं, कोण जाणे. अर्पणात कौतुक आहे ते गुलामांसाठी झटणाऱ्यांचं; सात डॉलर नाकारणाऱ्या या शिपायांची हकीकत त्याला जोडून वाचली की चित्र पुरं होतं.

मग काय ठरवायचं?

एकच पलटण वाचायची असेल तर चोपन्नावी. कॅप्टन लुई एमिलिओने १८९१ मध्ये लिहिलेला तिचा इतिहास इंटरनेटवर फुकट मिळतो. वॅग्नरच्या रात्री वरचे सगळे अधिकारी पडल्यावर पलटण सांभाळली ती यानेच. गुडिंगची वर्तमानपत्राला लिहिलेली पत्रं त्याच्या जोडीला ठेवा, म्हणजे अधिकारी आणि शिपाई दोघांचा आवाज कानावर येतो. लढाया मोजायला बसलात तर ही पलटण कमी पडेल; ती मुख्य आघाडीवर कधी नव्हतीच.

डावपेच, भूगोल, उजवी-डावी बगल यांची आवड असेल तर मेन. एवढा नीट समजणारा लढाईचा तुकडा नवख्याला दुसरा मिळणार नाही. बुल रन ते गेटिसबर्ग एवढाच टप्पा खोलात बघायचा असेल, किंवा मिनियापोलिसकडे मुलं राहत असतील, तर मिनेसोटा. हल्ल्यातून वाचलेल्या विल्यम लॉकरेनचा वृत्तान्त आधी वाचा.

जागा बघायला जायचं असेल तर हिशोब वेगळा. न्यू जर्सीतल्या एडिसनकडून गेटिसबर्ग गाडीने तीन-साडेतीन तास, मैदानात फिरायला तिकीट नाही, आणि मेन-मिनेसोटा दोन्ही एका दिवसात होतात. लिटल राउंड टॉप दुरुस्तीसाठी दोन वर्षं बंद होता, २०२४ मध्ये पुन्हा उघडला. गर्दी तिथेच लोटते, म्हणून सकाळी लवकर गाठा. मिनेसोटाचं स्मारक, धावत्या शिपायाचं, सपाटीवर रस्त्याकडेला आहे. तिथे उभं राहून समोरचा उतार बघितला की २६२ माणसांना किती अंतर धावायचं होतं ते लगेच कळतं, आणि तेही गुडघे न दुखता. सासूसासरे बरोबर असतील तर ही बाब क्षुल्लक नाही.

चोपन्नावीसाठी चार्ल्सटनला जाऊ नका. फोर्ट वॅग्नर समुद्राने केव्हाच गिळला. बॉस्टनला स्टेट हाउससमोर सेंट-गॉडन्सचं १८९७ चं ब्राँझ शिल्प आहे, ते बघा आणि मागच्या बाजूलाही जा. सुरुवातीला तिथे फक्त मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं होती. शिपायांची नावं कोरायला आणखी ऐंशीहून जास्त वर्षं जावी लागली.