पोलीस बॉक्स: लंडनचा की एडिनबराचा?
ब्रिटिश पोलीस बॉक्सचा, म्हणजे रस्त्यात उभ्या केलेल्या पोलिसांच्या फोनवाल्या खोक्याचा, इतिहास खणायचा असेल तर सुरुवात लंडनपासून करायची की एडिनबरापासून, हा खरा प्रश्न. लंडनचा निळा बॉक्स सगळ्यांना माहीत, पण तो डॉक्टर हू या ब्रिटिश टीव्ही सिरीयलमुळे (तिच्यातलं टाइम मशीन अशाच बॉक्ससारखं दिसतं), पोलिसांमुळे नाही, आणि घोळ तिथंच होतो कारण काहीही शोधायला गेलं की आधी ती सिरीयलच पुढ्यात येते. खरा बॉक्स गिल्बर्ट मॅकेन्झी ट्रेंचच्या डिझाईनचा, १९२९ चा, काँक्रीटचा आणि दार सागवानी. बाहेरच्या छोट्या झडपेमागचा फोन पब्लिकसाठी, वरचा दिवा लुकलुकला की बीटवरच्या हवालदाराने स्टेशनला फोन लावायचा, आत बसायला स्टूल, लिहायला टेबल. म्हणजे पिटुकली चौकीच म्हणा ना! पण वॉकीटॉकी आल्या आणि १९६९ नंतर हे बॉक्स हटवले गेले, आता बघायचा तर इंग्लंडमधल्या क्रिच गावच्या ट्राम म्युझियममध्ये एक आहे. बाकी बहुतेक कागदावर आणि जुन्या फोटोंत.

एडिनबराचं उलटं. सिटी आर्किटेक्ट एबेनेझर मॅक्रेने १९३० च्या दशकात ओतीव लोखंडाचे बनवले, लंडनपेक्षा मोठे, आणि शहराच्या जुन्या दगडी इमारतींना शोभतील असे. आजही बरेच रस्त्यावर उभे आहेत, काहींत चक्क कॉफी विकतात, मग हात लावून बघा, मोजमाप घ्या, कोण अडवतंय.

माझं मत विचाराल तर आधी एडिनबरा. लंडनवर लिहिलेलं भरपूर मिळेल हो, पण त्यातलं सिरीयलचं किती आणि पोलिसांचं किती हे निवडण्यातच जीव जातो.