जळगावातील एका प्रवेश मार्गदर्शन केंद्राचा अनुभव

मुलीच्या बी.एस्सी. प्रवेशासाठी आम्ही जळगावातील एका मार्गदर्शन केंद्राची सेवा घेतली. कागदपत्रांची तपासणी आणि ऑनलाइन अर्ज ही कामे त्यांनी चोख केली. सल्ला मात्र एकाच सुरात होता, तो म्हणजे नावाजलेलेच कॉलेज घ्या. अमळनेरचे प्रताप महाविद्यालय १९४५ पासूनचे आहे आणि त्याच्या नावाला खानदेशात वजन आहे, हे कोण नाकारील? परंतु १९९० मध्ये स्थापन झालेल्या आपल्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न असलेले महाविद्यालय स्वायत्त नसेल, तर अभ्यासक्रम, विद्यापीठाची परीक्षा आणि पदवी ही इतर तशा महाविद्यालयांसारखीच असते, हे समुपदेशकांनी एकदाही सांगितले नाही. प्रयोगशाळा चालू स्थितीत आहे का, पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत, महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या मूल्यांकनाची मुदत संपली आहे का, असे विचारल्यावर त्यांनी आमच्यापुढे एक चकचकीत माहितीपत्रक सरकवले. (एसटीचा पास आणि वसतिगृहाचा खर्च यांचा हिशेब शेवटी आम्ही घरीच मांडला.) पुढील शिक्षणासाठी बाहेरगावी जाताना मोठ्या नावाचा थोडाफार उपयोग होतो, हे मान्य आहे, तथापि हे केंद्र अर्ज भरण्यापुरतेच कामाचे वाटले, आणि त्या मानाने शुल्क जास्त आहे.