म्हापशातला स्पोकन इंग्लिश क्लास: सहा आठवडे करून आल्यावर

आमच्या मांद्र्याच्या घरामागे दोन खोल्या आहेत, सीझनला पाहुण्यांना देतो. मिस्टर सकाळीच कामावर जातात त्यामुळे पाहुण्यांशी बोलायला मीच. चहा किती वाजता, टॉवेल कुठे, बीचला कुठून जायचं एवढं इंग्रजी मला येतं, पण ठरलेलं काही बिघडलं की माझं तोंडच बंद व्हायचं. लाईट गेली, नळाला पाणी नाही, सांगितलेला टॅक्सीवाला आला नाही, काहीही होवो, मी आपली 'सॉरी सॉरी, प्रॉब्लेम' म्हणायचे आणि समोरच्याला नेमकं झालंय काय ते कळायचं नाही, मग तो आणखी वैतागायचा. म्हणून यंदा जूनमध्ये खोल्या रिकाम्या असताना हा क्लास लावला. आठवड्यातून तीन संध्याकाळ, दीड दीड तास, फी 3500 रुपये. क्लासचं नाव मुद्दाम देत नाही कारण खाली एक तक्रार पण लिहिली आहे.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच खूप चांगलं आहे. टीचर पाठांतर करून घेत नाहीत. दोन-तीन शब्द फळ्यावर लिहितात आणि आठवडाभर प्रत्येकाने आपल्या घरातलं, कामातलं वाक्य करून आणायचं, पुस्तकातलं चालत नाही. आमच्या बॅचला एक टॅक्सीवाले दादा, फार्मसीत काम करणारी एक मुलगी, दोन कॉलेजची पोरं, एक रिटायर झालेले काका, आणि आम्ही चार-पाच बायका, सगळ्यांचं जगणं वेगळं त्यामुळे वाक्यंही वेगळी, आणि दुसऱ्याचं वाक्य ऐकूनच जास्त शिकायला मिळतं.

तिसऱ्या आठवड्यात फळ्यावर आलं 'सडन', 'अनएक्स्पेक्टेड' आणि 'अनफोरसीन'. टीचरनी विचारलं मराठीत काय म्हणाल, सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, अचानक. मग त्यांनी दाखवलं की आपण 'अचानक पाऊस' पण म्हणतो आणि 'पाऊस अचानक आला' पण म्हणतो, शब्द तोच राहतो, बदलत नाही. इंग्रजीत मात्र पाऊस, आवाज, वळण असं काही पुढे असेल तर 'सडन' आणि क्रिया कशी झाली ते सांगायचं तर 'सडनली'. मी इतकी वर्षं 'गेस्ट केम सडन' म्हणत होते आणि ते का चुकतं हे मला पहिल्यांदा कळलं, शाळेत ॲडजेक्टिव्ह ॲडव्हर्ब घोकले होते पण मराठीचा 'अचानक' दोन्हीकडे चालतो म्हणून आपण घसरतो असं कोणी सांगितलं नव्हतं. टॅक्सीवाल्या दादांनी लगेच दोन्ही वापरून दाखवले, 'अ काऊ केम सडनली सो आय मेड अ सडन स्टॉप', असं त्यांचं रोजचं होतंच.

माझं वाक्य होतं, 'द बेडशीट्स आर वेट बिकॉज ऑफ अनफोरसीन रेन'. मला ते एकदम भारी वाटलं होतं, मोठा शब्द, हॉटेलच्या पाटीवर असतो तसा. बाहेर तेव्हा पत्र्यावर असा पाऊस कोसळत होता की मागच्या बाकावरचं ऐकू येत नव्हतं. टीचरनी वाक्य मोठ्याने वाचलं, खिडकीकडे हात केला आणि म्हणाल्या, 'ताई, जुलैत म्हापशात पाऊस अनफोरसीन कसा हो?' मग शब्द फोडून दाखवला. 'फोर' म्हणजे आधी, फोरकास्टमधला तोच, 'सीन' म्हणजे पाहिलेलं, आणि पुढे 'अन', आपल्या अनपेक्षितमधल्या 'अन्'चं आणि त्याचं मूळ एकच आहे म्हणे, हे मला फार आवडलं. म्हणजे जे कोणालाच आधीपासून दिसण्यासारखं नव्हतं ते अनफोरसीन. गोव्यात पावसाळ्यात साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, हवामान खातं ऑरेंज अलर्ट, रेड अलर्ट देऊन सांगतं, लहान पोराला पण माहीत असतं. चादरी ओल्या राहिल्या तर 'हेवी रेन' म्हणायचं आणि थेट सांगायचं. हेच वाक्य फेब्रुवारीत केलं असतं तर चाललं असतं, असंही त्या म्हणाल्या.

तिघांतला फरक मी वहीत माझ्या शब्दांत असा लिहून ठेवलाय की सडन म्हणजे झटक्यात झालं, मग ते माहीत असलेलं असलं तरी. अनएक्स्पेक्टेड म्हणजे माझ्या ध्यानीमनी नव्हतं, ते चांगलंही असू शकतं, फार्मसीतल्या मुलीचं वाक्य होतं 'आय गॉट ॲन अनएक्स्पेक्टेड हॉलिडे'. अनफोरसीन बहुतेक खर्च, उशीर, अडचण असल्या गोष्टींना लागतं आणि पत्रात, पॉलिसीच्या कागदात जास्त दिसतं, कोणी गिफ्ट दिलं तर ते अनफोरसीन म्हणत नाहीत. काका म्हणाले, आमच्या घरात 'अवचीत सोयरे आयले' म्हणतात ते मग 'अनएक्स्पेक्टेड गेस्ट्स' झाले ना, टीचरनी ते 'अवचीत' फळ्यावर वरती लिहिलं आणि तो तास संपेपर्यंत पुसलं नाही. मराठीतला अवचित तो हाच, पण माझ्या बोलण्यातून कधी गेला कळलं नाही, आता परत वापरायला लागले.

आता तक्रार. पाचव्या आठवड्यात गुरुवारी साडेचारला ऑफिसकडून मेसेज, 'क्लास कॅन्सल्ड ड्यू टू अनफोरसीन सरकमस्टन्सेस'. मी तेव्हा मांद्र्याहून बसने येऊन म्हापशाच्या स्टँडवर उतरले होते, छत्री उलटी झालेली, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. नंतर कळलं की त्या खोलीत दुसऱ्या बॅचची परीक्षा होती आणि तारीख दोन आठवडे आधीच ठरली होती. मला हे मनापासून लागलं. टीचरचा यात दोष नाही, त्यांना पण तेव्हाच कळवलं होतं, पण जो शब्द आम्हाला एवढा समजावून शिकवला तोच ऑफिसने खरं कारण न सांगण्यासाठी वापरावा हे बरोबर नाही. दोन ओळी लिहिल्या असत्या, परीक्षा आहे, खोली मिळणार नाही, तर कोणी रागावलं नसतं. तो तास भरून पण दिला नाही. मी ऑफिसात जाऊन सांगितलं, बघतो म्हणाले.

दुसरी कमी म्हणजे लिहायचं काहीच घेत नाहीत. आजकाल पाहुण्यांशी अर्धं बोलणं व्हॉट्सॲपवर होतं, एक आठवडा त्यावर द्यायला हवा. उच्चारांवर मात्र मेहनत घेतात, 'अनएक्स्पेक्टेड'मध्ये जोर 'पेक'वर द्यायचा हे माझ्याकडून वीस वेळा तरी म्हणून घेतलं असेल.

उपयोग झाला का, तर हो. ऑगस्टमध्ये एक जोडपं राहायला होतं, रात्री नऊला लाईट गेली आणि मी दारावर जाऊन सांगितलं, 'देअर इज अ सडन पॉवर कट, अ ट्री हॅज फॉलन ऑन द लाइन, इट मे टेक टू अवर्स'. त्या बाईंनी फक्त मेणबत्ती आहे का विचारलं. मी मेणबत्ती आणि माचिस देऊन घरात आले आणि मिस्टरांना म्हटलं, फी वसूल झाली.

असे क्लास म्हापशात बरेच आहेत. जाणार असाल तर आधी एक तास डेमोला बसा, वाक्यं तुमच्याकडून करून घेतात की नुसती लिहून देतात ते बघा, आणि तास बुडाला तर भरून देणार का ते पैसे भरायच्या आधीच विचारून घ्या. माझ्याकडून पाचपैकी चार, तो एक ऑफिससाठी कापला. आणि चवथीच्या आधी संपेल अशी बॅच बघा, ऑक्टोबर उजाडला की आपल्याला वेळ नसतो.