हिरवा रंग कुणी ठरवला? नियामक मंडळाचा डॅशबोर्ड वापरून

मी एका विद्यापीठाच्या नियामक मंडळावर बाहेरून घेतलेली सदस्य आहे. सगळी नोकरी बँकेच्या अंतर्गत तपासणीत गेली, खडू कधी हातात धरला नाही. मंडळावर माझ्यासारखे बरेच असतात: वकील, उद्योजक, लेखापाल. शैक्षणिक गुणवत्तेचा विषय निघाला की आम्ही कुलगुरूंकडे बघतो आणि कुलगुरू समोरच्या अहवालाकडे. यावर उपाय म्हणून विद्यापीठाने एका कंपनीचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एका पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर, घेतला. त्याची वर्गणी पुन्हा भरायची का, हे आता ठरायचं आहे. कंपनीचं नाव देत नाही, कारण खालच्या तक्रारींपैकी निम्म्या आमच्या विद्यापीठाच्याच वाट्याच्या आहेत.

आधी जमेची बाजू. पूर्वी बैठकीआधी जाडजूड बाड यायचं आणि गुणवत्तेचं टिपण विषयपत्रिकेच्या तळाशी, बांधकामाच्या विषयांखाली दबलेलं असायचं. तिथवर पोहोचेपर्यंत निम्मे सदस्य घड्याळ बघत. आता लॉगिन केलं की पहिल्याच पानावर गळती (मध्येच शिक्षण सोडणारे विद्यार्थी), निकाल, विद्यार्थ्यांचे अभिप्राय, लेखी कामावरचे शेरे वेळेत मिळतात का, असे चौकोन दिसतात. प्रत्येकावर लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका. क्लिक केलं की मागच्या वर्षांचा आलेख. तो समजायला संख्याशास्त्र यावं लागत नाही. आमच्यातल्या एका उद्योजकाने पहिल्या वर्षाच्या गळतीबद्दल स्वतःहून प्रश्न विचारला, हे डॅशबोर्ड येण्याआधी घडलं नव्हतं.

मोबाइल ॲप ठीक. छापून घेतलं तर उजवीकडचा रकाना कापला जातो. मदतीसाठी फोन केला की उचलतात.

खरा प्रश्न त्या ठिपक्यांचा. कुठल्या आकड्याला हिरवं म्हणायचं आणि कुठल्याला पिवळं, ही मर्यादा विद्यापीठाचं प्रशासनच सेटिंगमध्ये जाऊन ठरवतं. ज्याची तपासणी व्हायची, त्याच्याच हातात मोजपट्टी. एका विद्याशाखेची गळती एका बैठकीत लाल होती, पुढच्या बैठकीत पिवळी झाली. मंडळाने समाधान व्यक्त केलं, इतिवृत्तातही तसं आलं. आकडा जवळपास तोच होता, सरकली होती ती मर्यादा. त्यात लबाडी नव्हती. विचारल्यावर कारण मिळालं आणि ते पटण्यासारखंही होतं. पण मर्यादा कुणी, कधी, कुणाच्या मंजुरीने बदलली याची नोंद हे सॉफ्टवेअर मंडळाला दाखवतच नाही. बँकेत खातेदाराचा पत्ता बदलला तरी मागे सही उरते.

समाधानाचा चौकोन सर्वात मोठा, आणि माझ्या मते सर्वात कुचकामी. टक्केवारी ठळक, पण किती जणांनी उत्तर दिलं ते माउस नेऊन थांबलं तरच दिसतं. शंभरातले वीसजण बोलले आणि त्यातले सोळा खूश असले, तर पडद्यावर ८० टक्के समाधान झळकतं. उरलेले ऐंशी का बोलले नाहीत, याला कुठेच जागा नाही. ब्रिटनमध्ये अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचं राष्ट्रीय सर्वेक्षण २००५ पासून होतं. तिथे एखाद्या अभ्यासक्रमाचा निकाल प्रसिद्ध करायला किमान १० उत्तरं आणि ५० टक्के प्रतिसाद लागतो. २०२३ मध्ये तर इंग्लंडपुरता एकूण समाधानाचा प्रश्नच काढून टाकला. आमच्याकडे तोच आकडा सिंहासनावर.

अगदी लहान गटांचे आकडे इथेही लपवतात. ओळख उघडी पडू नये म्हणून ते योग्यच. परिणाम असा, की दृष्टिहीन विद्यार्थ्यांचं कसं चाललं आहे या प्रश्नाला दरवर्षी कोरा चौकोन उत्तर देतो. काही वर्षांची उत्तरं एकत्र करून दाखवता आली असती, पण ती सोय नाही. खुल्या अभिप्रायांचा तर शब्दांचा ढग करून टाकला आहे: जो शब्द जास्त वेळा आला, तो मोठ्या अक्षरात. त्यात ‘ग्रंथालय’ हा शब्द टपोरा दिसतो. ग्रंथालय आवडतं की लवकर बंद होतं, ते ज्याने त्याने समजून घ्यावं.

शेऱ्यांचा चौकोन आमच्याकडे कायम हिरवा असे. मंडळावर विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून बसणारी मुलगी एका बैठकीत म्हणाली, “मॅडम, ती तारीख गुण भरल्याची असते. शेरे नंतर येतात, काही विषयांत येतच नाहीत.” तपासलं, तर प्रणाली खरोखर गुण भरल्याचीच तारीख उचलत होती. आता तो चौकोन पिवळा आहे आणि मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

अशी कुठलीही व्यवस्था पारखताना मी एखादं जुनं प्रकरण घेते आणि ते हिच्यात दिसलं असतं का, ते बघते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथे १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं ‘कागदी वर्ग’ चालले. एका विभागातल्या या अभ्यासक्रमांचा वर्ग कधी भरतच नसे. शेवटी एक निबंध द्यायचा आणि भरघोस गुण घ्यायचे. ते गुणही बऱ्याचदा कार्यालयातली कर्मचारी देई. २०१४ च्या चौकशी अहवालात अशा विद्यार्थ्यांचा आकडा ३,१०० च्या वर आहे, जवळजवळ निम्मे खेळाडू. पुढच्या वर्षी मान्यता देणाऱ्या संस्थेने विद्यापीठाला वर्षभराच्या परिवीक्षेवर, म्हणजे ताकीद देऊन देखरेखीखाली, ठेवलं.

हे प्रकरण आमच्या डॅशबोर्डवर कसं दिसलं असतं? निकाल उत्तम, गळती कमी, तक्रार कुणाचीच नाही. सगळं हिरवंगार! ते पकडायला अभ्यासक्रमवार गुणांचं वाटप लागतं, आणि एकाच प्राध्यापकाच्या नावावर वर्ग न भरणारे किती विषय चालतात त्याची यादी. गुणांचं वाटप इथे आहे, पण विद्याशाखेपुरतं. त्याखाली उतरता येत नाही. कंपनीचं म्हणणं, मंडळाने इतक्या खोलात जाऊच नये. ते अर्धं बरोबर आहे. काय शिकवायचं आणि कुणाला उत्तीर्ण करायचं हे विद्या परिषदेचं काम, त्यात आम्ही लुडबुड करू नये. पण ‘सगळं ठीक आहे हे तुम्हाला कशावरून कळतं’ हे विचारणं आमचं कामच आहे. इंग्लंडच्या उच्च शिक्षण निधी परिषदेने २०१६ मध्ये नियामक मंडळांकडून विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक अनुभवाबद्दल आणि पदव्यांच्या दर्जाबद्दल वार्षिक हमी मागायला सुरुवात केली. तशा कागदावर सही करायची वेळ आली तर मला ठिपके नकोत, अपवादांची यादी हवी.

आकडे मुळात खरे आहेत का, हा आणखी एक प्रश्न. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने क्रमवारीसाठी दिलेल्या माहितीवर तिथल्याच गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, जाहीर शंका घेतली. वर्गातली विद्यार्थिसंख्या हा त्यातला एक मुद्दा. त्याच वर्षी विद्यापीठाने चुका मान्य केल्या आणि ते दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर घसरलं. आमच्या डॅशबोर्डवर प्रत्येक आकड्याशेजारी ‘स्रोत’ असं बटण आहे. दाबलं की फाइलचं नाव आणि ती चढवल्याची तारीख दिसते. पडताळणी कुणी केली, ते नाही.

तरीही वर्गणी बंद करा असं मी म्हणणार नाही, आणि त्याचं कारण तिसऱ्या मेनूत दडलेली ‘कृती नोंद’. ठरलेलं काम, जबाबदार व्यक्ती, मुदत, आणि पुरावा जोडल्याशिवाय ‘पूर्ण’चं बटण उमटतच नाही. बाह्य परीक्षकांचा तोच शेरा पुन्हा आला की ती ओळ आपोआप वर येते. एका विभागात प्रश्नपत्रिका दरवर्षी फिरून त्याच येतात, ही तक्रार आम्हाला तिथेच सापडली. एवढं चांगलं काम करणारी गोष्ट पहिल्या पानावर नाही, याचं नवल वाटतं.

पाचपैकी तीन तारे. ज्या मंडळात विद्यार्थी प्रतिनिधीला बोलू देतात तिथे घ्यावा. जिथे ठिपके बघून विषय संपवतात तिथे जुनं बाडच बरं, निदान ते चाळावं तरी लागतं. नूतनीकरणासाठी मी तीन अटी दिल्या आहेत: मर्यादा बदलल्याची नोंद मंडळाला दिसावी, प्रतिसादाचं प्रमाण समाधानाच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरात यावं, आणि ‘कृती नोंद’ पहिल्या पानावर यावी. दुसरी आणि तिसरी कंपनीने लगेच मान्य केली. पहिलीसाठी ‘पुढच्या आवृत्तीत’ असं उत्तर आलं, तारीख मात्र दिलेली नाही. तोवर मर्यादा बदलली की कुलसचिवांच्या सहीचं एक पानी टिपण विषयपत्रिकेला जोडायचं, असा ठराव मी पुढच्या बैठकीसाठी दिला आहे.