सांगलीची हळद परदेशी: व्यापारी निर्यातदारामार्फत की थेट?

सांगलीतल्या छोट्या हळद उद्योजकापुढे परदेशी विक्रीच्या दोन वाटा असतात.

व्यापारी निर्यातदाराला, म्हणजे दुसऱ्यांचा माल घेऊन परदेशी विकणाऱ्याला, माल दिला की कंटेनर, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), डॉलरचा चढउतार ही सगळी डोकेदुखी त्याची. जीएसटीही ०.१ टक्काच लावता येतो. मुख्य अट म्हणजे आपण त्याला दिलेल्या विक्री बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर जायला हवा. पण ग्राहक कोण, हे तो सांगत नाही. का सांगेल?

थेट निर्यातीत आयईसी कोड (आयात-निर्यातीचा सरकारी क्रमांक) ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो, मसाले मंडळाची नोंदणीही होते. कागदांना उगाच घाबरतात लोक. खरी कसोटी पुढे. युरोपात कीटकनाशकांचे अंश आणि शिसं यांच्या मर्यादा कडक आहेत. माल बंदरात अडला तर परत आणायचा किंवा नष्ट करायचा खर्च बहुधा आपल्याच गळ्यात. उधारीचे पैसे येईपर्यंत अडत्याचं देणं थांबत नाही. ईसीजीसी या सरकारी निर्यात-विमा कंपनीचा विमा खरेदीदाराने पैसे बुडवल्यास बराच भार उचलतो, मालातल्या दोषाचा नाही.

खेळतं भांडवल तुटपुंजं असेल तर मी आधी व्यापाऱ्यामार्फतच जाईन, मात्र प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळा अहवाल स्वतःच्या नावावर काढून ठेवेन. थेट ग्राहक पहिल्यांदा तोच मागतो.