एचओ स्केल आरएस-१ डिझेल इंजिन: रेलिंग वाकडं आलं तरी घ्या

हे मॉडेल कसं आहे, घ्यावं का, असं ग्रुपवर दोघा-तिघांनी विचारलं म्हणून लिहितोय. अल्को या अमेरिकन इंजिन कंपनीच्या आरएस-१ या जुन्या डिझेल इंजिनाचं एचओ मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या १/८७, नाशिकरोडच्या एका हॉबीवाल्याकडून ऑर्डर देऊन मागवलं. मॉडेल बनवणाऱ्या कंपनीचं नाव टाकत नाही कारण पुढे थोडी बोंब मारणार आहे. ड्युटी-बिटी धरून साउंडवालं वीस हजाराच्या वर गेलं. पोरांना खेळायला म्हणून घेणार असाल तर राहू द्या, पहिल्याच दिवशी हॉर्न उपटतील.

घरी पहिला प्रश्न आला की एवढे पैसे घालायचेच होते तर आपल्या भारतीय रेल्वेचं डिझेल इंजिन डब्ल्यूडीएम-२ का नाही आणलं. तर भावांनो, हा त्याचाच मूळपुरुष आहे. मनमाडला दौंडच्या गाड्यांना लागणारी ती डिझेलं आठवा, एका बाजूला लांबलचक हूड (मशीनवरचं झाकण), दुसऱ्या बाजूला आखूड, मध्ये ड्रायव्हरची केबिन आणि हूडच्या कडेने चालायला पट्टी. हा सगळा आकार १९४१ सालच्या या इंजिनातून आलाय.

त्याआधी अमेरिकेत मोठ्या लाइनवर जी डिझेलं आली, १९३९ ची जनरल मोटर्सची एफटी वगैरे, ती सगळी बंद पेटीसारखी. बाहेरची बॉडीच भार पेलणार, ड्रायव्हर पुढे नाकात बसणार आणि मागचं काही म्हणजे काही दिसणार नाही. लांब पल्ल्याला ठीक आहे हो, पण वाटेतल्या स्टेशनवर चार वॅगन काढून सायडिंगला लावायच्या तर खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढा. यार्डात डबे हलवणाऱ्या छोट्या इंजिनांवरून, म्हणजे शंटरवरून, चांगलं दिसायचं पण ते लाइनवर पळायच्या कामाचे नव्हते. रॉक आयलंड रेल्वेला दोन्ही कामं एकाच इंजिनाने करायची होती, मग अल्कोने आपल्याच १००० हॉर्सपॉवरच्या शंटरची फ्रेम लांबवली, खाली लाइनवर पळतील असे चाकांचे ट्रक घातले आणि केबिनच्या मागे जी जागा निघाली तिथे आखूड हूड बसवून त्यात बॉयलर ठेवायची सोय केली. डिझेल इंजिनात बॉयलर कशाला, तर तिकडे प्रवासी डबे वाफेने गरम करायचे. आपल्याकडे नाशिकच्या जानेवारीत पण ते लाड कुणी केले नाहीत.

आता मॉडेल हातात घेतलं की हे सगळं दिसतं, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. हूड फ्रेमपेक्षा अरुंद आहे, कारण भार फ्रेमवर आहे, हूड म्हणजे नुसतं झाकण. त्यामुळे कडेने दरवाजेच दरवाजे, मेकॅनिकने पट्टीवर उभं राहून पाहिजे तो उघडायचा. प्रत्येक दरवाजाची कडी वेगळी कोरलीये. टोकाला रेडिएटरच्या झडपा. आणि फ्रेमवर लांब हूडच्या बाजूला बारीकसं 'एफ' अक्षर आहे, म्हणजे पुढची बाजू ती! तेव्हा लांब हूडच पुढे ठेवून चालवायचे, वाफेच्या इंजिनाची सवय आणि धडक झाली तर ड्रायव्हरच्या पुढे लोखंड असावं म्हणून. डब्ल्यूडीएम-२ लांब हूड पुढे करून चालवताना आपले ड्रायव्हर कसे बाजूच्या काचेतून डोकावायचे ते बघितलंय ना, तो वारसा इथला.

आवाज मस्त. खऱ्या इंजिनात सहा सिलिंडर एका ओळीत आणि टर्बो, तो घरघरता ठेका चिपमध्ये पकडलाय. धूर नाही एवढंच, आणि अल्को बिनधुराचं म्हणजे काहीतरी चुकल्यासारखं वाटतंच. हळू स्पीडला रांगत जातं, न अडखळता.

बोंब रेलिंगची. कडेचं रेलिंग नरम प्लास्टिकचं, बॉक्समध्येच वाकडं झालेलं, कोमट पाण्यात धरून सरळ केलं तरी परत लाट येते. या इंजिनाचा सगळा डौल त्या रेलिंगवर आहे राव, तिथेच कंजुषी. सोबतचा पॉवर पॅक ११० व्होल्टचा, बॉक्सवर ते इतक्या बारीक अक्षरात की डायरेक्ट २३० ला लावला असता तर संपलंच होतं. आपल्याकडे चालणारा वेगळा घ्या.

एक मित्र म्हणतो जीपी-७ घ्यायचं होतंस, ते जास्त गाजलेलं. गाजलं खरं, पण जनरल मोटर्सला ते सुचायला १९४९ उजाडलं, आणि त्याआधी बीएल-२ नावाचं ना धड पेटी ना धड हूड असं एक प्रकरण काढून हात पोळून झाले होते. शेवटी धंदा त्यांनीच मारला आणि अल्को मागे पडली तो भाग वेगळा. पण भारतात १९६२ ला डब्ल्यूडीएम-२ आलं ते अल्कोचं, १६ सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर, आणि १९६४ पासून वाराणसीत बनायला लागलं, त्यामुळे आपलं नातं इकडचं.

दुकानदाराच्या लिस्टवर याचंच मिलिटरीवालं आरएसडी-१ पण होतं. महायुद्धात अमेरिकन आर्मीने पहिली १३ आरएस-१ रेल्वे कंपन्यांकडून ताब्यात घेतली, वजन जास्त चाकांवर पसरावं म्हणून चारच्या जागी सहा ॲक्सल केले आणि इराणच्या लाइनवर रशियाला माल पोचवायला धाडली. मोह झाला होता. पण सहा ॲक्सलवालं १८ इंच त्रिज्येच्या वळणावर कुरकुरतं आणि आपल्या टू-बीएचकेत त्याहून मोठं वळण बसवायचं तर डायनिंग टेबल बाहेर काढावं लागेल, तेव्हा बंगलेवाल्यांनी बघा.