इंग्लंडच्या एफई कॉलेजातून पत्रकारितेचा डिप्लोमा: अनेक महिन्यांनंतरचा अनुभव

सप्टेंबरपासून उत्तर इंग्लंडमधल्या एका फर्दर एज्युकेशन कॉलेजात पत्रकारिता शिकतेय. इथल्या मराठी मैत्रिणी सारख्या विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

एफई कॉलेज म्हणजे विद्यापीठ नव्हे. आपली आयटीआय आणि ज्युनियर कॉलेज एका आवारात आणलं तर साधारण असं काही होईल. खाली प्लंबिंग आणि केशकर्तनाचे वर्ग, वर आमची न्यूजरूम. डिप्लोमा एनसीटीजेचा, म्हणजे पत्रकारांच्या प्रशिक्षणासाठी १९५१ साली स्थापन झालेल्या परिषदेचा. माध्यमांचे सिद्धान्त जवळपास नाहीतच. बातमी आणायची, लिहायची, ती कायद्यात बसते का ते तपासायचं.

माझ्या मते फी वसूल होते ती शॉर्टहँड आणि कायदा या दोन विषयांत.

आपल्याकडे शॉर्टहँड म्हटलं की सरकारी लघुलेखकाची जागा आठवते. इथे ते बातमीदाराचं हत्यार आहे. आम्ही टीलाइन नावाची शॉर्टहँड पद्धत शिकतो. तिच्यात पिटमन या जुन्या पद्धतीसारखं जाड-बारीक रेघांचं प्रकरण नाही. इंग्रजी अक्षरांचेच आकार छाटून उरवलेले आणि बहुतेक स्वर गाळलेले. एक आडवी छोटी रेघ ओळीच्या वर काढली तर टी, ओळीवर टेकवली तर डी. हात जरा घसरला की शब्दच बदलतो. मिनिटाला ६० शब्दांपर्यंत बरं चालतं, ८०च्या आसपास सगळा वर्ग अडकतो. तिथे रोज डिक्टेशन घेण्याला पर्याय नाही. ध्येय १०० शब्दांचं. हा विषय आता ऐच्छिक आहे, पण माझं ऐका, सोडू नका.

कारण कोर्टात गेल्यावर कळतं. १९८१च्या कन्टेम्प्ट ऑफ कोर्ट कायद्यानुसार न्यायालयाच्या परवानगीशिवाय ध्वनिमुद्रण केलं तर तो अवमान ठरतो. मॅजिस्ट्रेट्स कोर्टात पत्रकारांच्या बाकावर बसलं की भरवसा फक्त वहीचा. सरकारी वकील भरभर आरोप वाचतात, आरोपीचं वय, पत्ता सांगितला जातो, आणि काही मिनिटांत पुढचं प्रकरण पुकारतात. बातमीत आरोपीचं वय आणि राहण्याचा रस्ता छापतात, हे मला सुरुवातीला फार खटकलं. कायद्याच्या तासाला उलगडा झाला: त्याच नावाचा दुसरा निरपराध माणूस त्याच गावात असू शकतो, आणि त्याची बदनामी झाली तर दावा वर्तमानपत्रावर येतो. उलट लैंगिक गुन्ह्यातल्या तक्रारदाराची ओळख आयुष्यभर गुप्त ठेवावी लागते. नाव नाही दिलं तरी नातं, नोकरी, गल्ली असे तुकडे जोडून ओळख पटत असेल, तरीही तो गुन्हाच. आमच्या बाई हे तुकडे फळ्यावर मांडून दाखवतात: एका वर्तमानपत्राने नातं छापलं, दुसऱ्याने गाव छापलं, की तक्रारदाराची ओळख उघडी पडलीच. हा तास मी कधीच चुकवत नाही.

पब्लिक अफेअर्स, म्हणजे सरकार आणि स्थानिक प्रशासन कसं चालतं, हा विषय कोरडा वाटतो, पण कौन्सिलच्या (आपल्या नगरपालिकेसारखी संस्था) सभांना बसलात तर आवडेल. माहितीच्या अधिकाराची सवय असलेल्या मराठी माणसाला इथे घरच्यासारखं वाटतं. आपल्याकडे उत्तराला ३० दिवस, इथल्या २०००च्या कायद्यात कामकाजाचे २०. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल मी अर्ज टाकला आणि आलेल्या आकड्यांवर माझी पहिली खरी बातमी उभी राहिली.

आता तक्रारी. कॉलेजचं नाव देत नाही. व्हिडिओचं साहित्य जुनं आणि अपुरं, कॅमेऱ्यासाठी रांग लागते. मध्येच एक शिक्षक सोडून गेले आणि काही आठवडे नुसत्या सरावपत्रिका सोडवल्या. प्रत्येकाला बातम्यांसाठी एक भाग नेमून देतात, पण तिथे जायचा बसखर्च आपलाच. आणि अभ्यासाबरोबर अर्धवेळ नोकरी करायची असेल तर शॉर्टहँडचा सराव पहिला मागे पडतो. माझ्या वर्गात हे होताना पाहिलंय, वाईट वाटतं.

इंग्रजी मातृभाषा नसल्याचा त्रास? डिक्टेशनमध्ये यॉर्कशायरची गावं आली की होतो. बातमी लिहिताना नाही. तिथे छोटी, सरळ वाक्यंच हवी असतात.

प्रवेश घ्यायचा असेल तर आधी पाहा, अभ्यासक्रम एनसीटीजेची मान्यता असलेला आहे का. पत्रकारितेचा प्रत्येक कॉलेज कोर्स तसा नसतो. तुमच्या व्हिसावर फी कोणत्या दराने लागेल हे लेखी घ्या. आणि मुलाखतीत विचारा, आठवड्याला शॉर्टहँडचे तास किती आणि गेल्या वर्षी किती जण १०० शब्दांची परीक्षा पास झाले. उत्तर टाळलं, तर दुसरं कॉलेज बघा.